सड्यावरचं गाऱ्हाणं

लवूतात्याला आवाज देताना देवानं हात आखडता घेतला नाही. बाकी सगळ्यात घेतला. उंची बेताची, अंगावर मांस नावाला, डोक्यावर चार केस, तेही एकमेकांशी भांडल्यासारखे चार दिशांना. पण हा माणूस हातात नारळ घेऊन उभा राहिला आणि 'बा देवा महाराजा' म्हणाला की पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडं भात कापणारी बाईसुद्धा विळा खाली ठेवून हात जोडायची. रत्नागिरीच्या अंगाला, चार-पाच गावांत तरी, गाऱ्हाणं घालावं तर लवू मांडवकरानं, असं लोक म्हणायचे. आणि तात्यालाही ते ठाऊक होतं. नाही कशाला म्हणा, त्याला ते आवडायचंही.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही कळतं, पण घाटावरच्या माणसासाठी सांगून टाकू. घराचा पाया खणायचाय, विहीर पाडायचीय, लग्नाचा मांडव घालायचाय, म्हैस हरवलीय, पोरगं नोकरीला निघालंय, काहीही असो, आधी देवाला आणि जागेच्या राखणदाराला सांगायचं. हा राखणदार म्हणजे देवळातला देव नव्हे. तो त्या जागेचा धनी. शिवेवर, सड्यावर, पाण्याच्या तोंडाशी कुठंतरी झाडाखाली एक दगड असतो, तोच तो. गुरं राखणं, वाट चुकलेल्याला वाटेला लावणं, पोरांना विंचूकाट्यापासून जपणं ही त्याची कामं. त्याला विचारल्याशिवाय जमिनीत कुदळ घालायची नाही. विचारायचं म्हणजे ज्याच्या घराण्याकडं तो मान आहे त्यानं पुढं उभं राहून मोठ्यानं बोलायचं, आणि मागं उभ्या मंडळींनी त्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. तो होकार पडला नाही तर गाऱ्हाणं लागू होत नाही. एकट्याचं बोलणं एकट्यापुरतं. वाडीनं 'व्हय' म्हटलं की ते वाडीचं झालं, आणि मग वाडीही बांधली गेली आणि राखणदारही.

आता खरं सांगायचं तर ही 'व्हय महाराजा' म्हणणारी मंडळी ऐकत काही नसतात. एकाचं लक्ष कोंबड्याकडं, दुसऱ्याचं बाटलीकडं, तिसरा मोबाईल चाचपतोय. तात्याचा आवाज खाली आला की यांचं तोंड आपोआप उघडतं. एकदा पोस्टमनच्या घराच्या पायाला गाऱ्हाणं चाललं होतं आणि मध्येच एक कुत्रं प्रसादाच्या ताटाकडं सरकलं. तात्या त्याच सुरात म्हणाला, "हाड रे मेल्या." मागनं अख्खी वाडी एका आवाजात, "व्हय महाराजा." पोस्टमनची बायको अजून हे सांगते आणि हसून हसून तिला ठसका लागतो.

तर असा हा लवूतात्या. शेती थोडकी, चार काजूची झाडं, एक दुभती म्हैस, बायको सगुणा आणि मुलगा मितेश. मितेश बारावीनंतर मुंबईला गेला तो तिकडंच जेसीबी चालवायला लागला. सणासुदीला यायचा, जाताना आईच्या डोळ्याला पदर लावून जायचा. वाडीतल्या निम्म्या घरांची हीच गत, त्यात नवल ते काय.

वाडीच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे कातळाचं पठार. उन्हाळ्यात बघाल तर म्हणाल, काय हे उजाड रान, गाढवसुद्धा चरायचं नाही. पण हाच कातळ पावसाळाभर पाणी पितो आणि मग वर्षभर जपून जपून खाली सोडतो. सड्याच्या पोटाला, वाडीच्या जरा वर, एक झरा आहे. तिथून पाइप टाकून पाणी वाडीच्या टाकीत आणलंय. ना पंप, ना विजेचं बिल. उतारानं आपलं आपण येतं. तात्याच्या लहानपणी पाइप नव्हता, तेव्हा बाया झऱ्यावर कळश्या लावायच्या, आणि ऐन वैशाखातही कळशी भरेस्तोवर बोलणं पुरं व्हायचं नाही इतकी धार मोठी.

सड्यावर पहिली चिरेखाण पडली ती पार पलीकडच्या टोकाला. शहरातला एक शेठ आला. जांभा दगड, वर माती नाही, चिरा पक्का. शेठच्या तोंडाला पाणी सुटलं. पण खाणीवर कामाला येणारी पोरं आसपासच्या वाड्यांतली. ती म्हणाली, आधी राखणदाराला विचारा, मगच मशीन लावू. शेठनं लवूतात्याला जीपमधून नेलं. तात्यानं गाऱ्हाणं घातलं: काम सुरळीत होऊ दे, कुणाच्या हातापायाला इजा होऊ देऊ नको, चार घरांत चूल पेटू दे. व्हय महाराजा. आणि खरोखरच त्या खाणीवर कुणाला साधं खरचटलंही नाही. घरांवर स्लॅब पडले, पोरांच्या बुडाखाली मोटारसायकली आल्या. शेठ म्हणाला, तात्याच्या जिभेवर राखणदार बसलाय.

मग काय, तात्याची चलती झाली. दुसरी खाण, तिसरी खाण, बागायतदारांच्या बोअरवेली, डोंगरातली झाडतोड. बोलावणं जयगडच्या बाजूनं येऊ लागलं, एकदा तर थेट मंडणगडहून गाडी आली. तात्या धोतराला इस्त्री करून घ्यायला लागला. पुढच्या सीटवर बसायचा, काच खाली करून. लोक वाटेत हात करायचे आणि हा पण हात करायचा. कुणाला वाटावं आमदार चाललाय.

तिसऱ्या खाणीनंतर पलीकडच्या वाडीचं पाणी गेलं. एकदम नव्हे. आधी उन्हाळ्यात गेलं, मग शिमग्यातच जाऊ लागलं, मग एक दिवस झऱ्याच्या जागी नुसता ओला डाग राहिला. त्यांच्याकडं टँकर सुरू झाला. सड्यावर मात्र पाणीच पाणी, खाणींच्या खड्ड्यांत साठलेलं, हिरवं, शेवाळलेलं, गुरंही तोंड लावत नाहीत असलं. जे कातळात मुरून खाली यायचं ते आता उघड्यावर पडून सडायला लागलं.

आणि गेल्या उन्हाळ्यात तात्याच्या वाडीचं पाणी एक दिवसाआड झालं. टाकीशी बायांच्या कळश्या रांगेत आणि बाया एकमेकींच्या झिंज्यांत. सगुणा तोंडाची फटकळ, पण मनात एक नि बाहेर एक असलं तिच्यात नव्हतं. एका दुपारी ती अर्धी कळशी घेऊन घरी आली, ती पडवीत आदळली आणि म्हणाली,

"तुमच्या गाऱ्हान्यानं गेलं पानी."

तात्या पान जुळवत होता. म्हणाला, "खुळी हायस काय? मी काय कातळ कापला?"

"तुमी नाय कापलंत. पन तुमी मागितलंत नि त्यानं दिलान. तुमी मागितलं नसतंत तर एक तरी पोरगा मशीनला हात लावता काय? मंग पानी कुनी घालवलं?"

तात्यानं पान तसंच ठेवलं आणि उठून सरळ वर झऱ्यावर गेला. रागानंच गेला. कुणाचा राग आला होता ते मात्र त्याला चढण संपेपर्यंत कळलं नाही. झऱ्याच्या तोंडाशी करंगळीएवढी धार होती आणि ती सुद्धा अडखळत. तात्यानं तिथला पाला काढला, हात खोल घातला, गाळ उपसला. धार होती तेवढीच राहिली. तो तिथंच बसला. बायको म्हणाली ते अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच त्याच्या मनाला ते इतकं झोंबलं. इतरांना काय, ते खाण खणत होते, जमिनी विकत होते, त्यांचा राखणदारावर विश्वास असला तर असला. पण तात्याचा होता. दर वेळी त्यानं मनापासून मागितलं होतं आणि दर वेळी मिळालं होतं. ज्याला राखायला बसवला त्याच्याकडूनच एकेक दरवाजा उघडून घेतला होता. कुंपणानं शेत खाल्लं, आणि कुंपणाला खायला सांगणारा कोण, तर हा लवू धोंडू मांडवकर. त्याला स्वतःची शरम वाटली, पण खाली येऊन तो कुणाला काही बोलला नाही.

मग पावसाळा आला आणि सगळे सगळं विसरले. हे आमचं नेहमीचंच. छपराची गळती सुरू झाली की घशाची कोरड आठवत नाही.

दिवाळीला मितेश आला तो बॅगांसकट आला. म्हणाला, "आता नाही जात परत. शेठनं इथंच काम दिलंय, जेसीबीवर."

सगुणेला काय आनंद झाला म्हणून सांगू. उन्हाळ्यात कळशी आदळणारी ती बाई, तिनं त्या दिवशी घावने केले, शेजारी वाटले, उंबऱ्यावर दोन पणत्या जास्त लावल्या. तात्यालाही आनंद झाला. म्हातारपणी पोरगा घरात असावा हे कुणाला नको? मग त्यानं विचारलं, "काम कुठं?"

मितेश म्हणाला, "आपल्याच सड्यावर. झऱ्याच्या वर."

तो तुकडा वाडीचा सामाईक होता. मुंबईकरांसकट सगळ्यांच्या संमत्या शेठनं पावसाळ्यातच मिळवल्या होत्या. लवूचीही होती. मितेशनं मुंबईहून फोन करून सांगितलं होतं, बाबा, सही करून टाका, आणि तात्यानं कुठला तुकडा हे नीट न विचारता केली होती. आता विचारून उपयोग नव्हता. राहिलं होतं एकच. त्या तुकड्यावर किंजळीच्या झाडाखाली वाडीच्या राखणदाराचा दगड होता. तो तिथून उठवून सड्याच्या दुसऱ्या अंगाला बसवायचा, आणि त्यासाठी गाऱ्हाणं घालायचं. ते झाल्याशिवाय वाडीतला एकही पोरगा खाणीवर चढणार नव्हता. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते तात्याच्या जिभेवर.

तात्या महिपतकडं गेला. महिपत वाडीचा गावकर, म्हणजे मानकरी. निवाडे तोच करायचा. दोघं बरोबर गुरं राखलेले.

"महिपत, येवढा एक तुकडा सोडा रे," तात्या म्हणाला. "पान्याच्या डोक्यावर नको. बाकी सडा पडलाय."

महिपत आंघोळीचं पाणी तापवत होता. चुलीत फुंकर घालून म्हणाला, "सही केलीस तवा कुठं होता तुजा झरा?"

"चुकलं माजं."

"तुजं एकट्याचं नाय चुकलं, सगळ्यांनीच केली. आता मागं कोन घेनार? पोरं घरी आलीत लवू, तुजा बी आलाय. आनि तू नाय बोललास तर शेठ दुसऱ्या गावातला कोनतरी आनून बोलून घेईल. तो काय सांगल न काय नाय. त्यापरीस तू बोल. वाडीच्या भल्याचे दोन शब्द तरी घालशील."

 गावकर खोटं बोलत नव्हता. पाणी गेलं तर टँकर येईल, हे त्यानं हिशेबात धरलेलंच होतं. सगळ्यांनीच धरलं होतं.

घरी मितेशला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तो पडवीत उभाच होता.

"बाबा, तुम्ही गाऱ्हाणं घालणार नाही म्हणे?"

"तसं नाय म्हनलो. जागा बदला म्हनलो."

"जागा बदलायची म्हणजे काम गेलं. मी मुंबईची नोकरी सोडून आलोय." मितेशचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "दुनियेच्या खाणींची गाऱ्हाणी घातलीत तुम्ही. गाडीत बसून गेलात. पलीकडच्या वाडीचं पाणी गेलं तेव्हा नाही जड झाली जीभ. आता माझ्या वेळेला झाली?"

सगुणा आतून ऐकत होती. ती बाहेर आली, तात्या तिच्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं, ही तरी बोलेल. कळशी हिनंच आदळली होती. पण ती मितेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "घाला की वो. पोरगा घरी ऱ्हाईल. पान्याचं मागनं बघू."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तात्या म्हणाला, "घालतो."

ठरलेल्या दिवशी सकाळी वाडी सड्यावर गोळा झाली. गवत पिवळं पडायला लागलं होतं, कातळावरची फुलं वाळून त्यांचा भुसा झाला होता. किंजळीपासून जरा अंतरावर पिवळा जेसीबी उभा, नवा कोरा, पुढच्या बाजूला झेंडूचा हार. मितेश आत बसलेला. शेठ गाडीला टेकून फोनवर बोलत होता. महिपतनं नारळ, विडा, कोंबडा, बाटली सगळं दगडापुढं मांडलं. एका हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, तांदूळ पसरून ठेवले होते, त्यात घालून दगड न्यायचा होता.

चढण चढता चढता तात्याचं मनात ठरलं होतं. बोलायचं म्हटलंय तर बोलू. पण आजवर जे घोळून घोळून गोड केलं ते आज करायचं नाही. वाडीला काय हवंय ते राखणदाराला जसंच्या तसं सांगायचं. ते ऐकून एकाचं तरी डोकं ठिकाणावर येईल, कुणीतरी म्हणेल, थांबा. त्याला एवढीच आशा होती, आणि त्या आशेवर तो ताठ उभा राहिला.

"बा देवा महाराजा," तात्यानं आवाज लावला.

"व्हय महाराजा."

"ह्या सड्याच्या राखनदारा, बारा वाटेच्या, बारा शिवेच्या धन्या महाराजा."

"व्हय महाराजा."

"आज तुजी लेकरं नारळ घेऊन तुज्या पायाशी आली हायेत, त्यांचं ऐक."

"व्हय महाराजा."

शेठनं फोन खिशात घातला. आवाज आजही तसाच होता, खणखणीत, पार खाली झऱ्यापर्यंत जाणारा.

"आमच्या आज्यापंज्यांची गुरं तू राखलीस. पोरं राखलीस. ह्या कातळातलं पानी राखून आमच्या घशाला दिलंस."

"व्हय महाराजा."

"आता आमाला चिरा पायजे. पान्याची गरज ऱ्हायली नाय."

"व्हय महाराजा."

 कुणीतरी चमकेल म्हणून तात्यानं मान जरा वळवली. महिपतचे डोळे मिटलेले. बायांच्या माना खाली. मागची पोरं जेसीबीचे फोटो काढत होती.  तात्याला संताप आला. एवढा संताप त्याला जन्मात कधी आला नव्हता. आणि त्या संतापात, ठरवलं नव्हतं तेही तो बोलून गेला.

"पलीकडच्या वाडीचं पानी आमीच घालवलं, आता आमचं घालवतोय. त्यात तुजा दोष नाय."

"व्हय महाराजा."

"तेवा आजपासनं तुजी राखन पुरी झाली. तुला आमी हितनं मोकळा केला."

"व्हय महाराजा."

"ही गुरं, ही पोरं, हे पानी ह्याच्याम्होरं तुज्या माथी नाय. तुला जिकडं जायाचं तिकडं जा. मागं वळून बघू नको, महाराजा."

"व्हय महाराजा."

आणि तात्यानं नारळ फोडला.

नारळाचा आवाज झाला तेव्हा महिपतचे डोळे उघडले. मग हळूहळू, एकेकाच्या तोंडावर, आपण काय म्हणून बसलो ते उतरत गेलं. एका म्हातारीनं कपाळाला हात लावला. पोरांचे मोबाईल खाली आले. सगुणा बायांच्या घोळक्यातून पुढं येऊन तात्याकडं बघत राहिली, जणू हा माणूस तिनं आजच पाहिला.

"लवू," महिपत म्हणाला, "हे काय बोललास?"

"वाडीनं व्हय म्हनलं."

"मागं घे. परत बोल, आत्ताच्या आत्ता."

"व्हय म्हनलेलं मागं घेता येत नाय, महिपत. तुला म्हाईत हाय."

शेठला यातलं फारसं उमगलं नाही. त्यानं घड्याळ बघितलं. "झालं ना गाऱ्हाणं? मग चला, मुहूर्त करून टाकू. दगड उचला."

कुणीही हललं नाही. हारा होता तिथंच राहिला. धनी उठून गेलेल्या जागेत पाऊल कोण टाकणार? पोरं एक एक करत मागं सरली. एकानं डोक्यावरचं हेल्मेट काढून कातळावर ठेवलं आणि वाट धरली, त्याच्यामागं दुसरा. तात्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. जे बोलून समजावून झालं नसतं ते झालं होतं. राखणदार गेला, पण पाणी राहिलं, असं त्याला वाटलं. जाता जाता त्यानं एवढं एक काम केलं.

शेठनं जेसीबीकडं बघितलं. "मितेश, तू पण जातोस काय?"

 अख्ख्या वाडीत 'व्हय महाराजा' न म्हणणारा मितेश एकटा होता. केबिनमध्ये बसून त्यानं प्रत्येक शब्द ऐकला होता. बापानं आपल्या भाकरीवर, चारचौघांसमोर, देवाच्या नावानं पाणी ओतलं, एवढंच त्याला त्यातनं कळलं होतं. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. त्यानं चावी फिरवली.

इंजिन धडधडलं. झाडावरचे पक्षी उडाले. जेसीबी दगडाला वळसा घालून पुढं गेला, पुढची बादली कातळावर टेकली आणि गवत, माती, फुलांचा भुसा, सगळं खरवडत निघाली. मागून खालचा तांबडा कातळ उघडा पडत गेला. कडेला उतार होता, खाली झऱ्यापर्यंत सरळ तुटलेला. मितेश रागानं चालवत होता. चाक कडेच्या फार जवळनं जात होतं.

"मितेश, उतर रे," सगुणा ओरडत धावली. "अवो, सांगा ना त्याला. कोनी नाय हितं आता त्याला राखायला."

तात्या तिच्या आधीच धावला होता. कडेशी येऊन त्यानं हात जोडले आणि सगळा जीव गळ्यात आणून हाक घातली, "बा महाराजा, माज्या पोराला..."

पुढचा शब्द निघाला नाही. कुणाला सांगणार होता तो? ज्याला सांगायचं त्याला त्यानंच आत्ता, साऱ्या वाडीच्या तोंडून, मोकळं केलं होतं. मागं वळून बघू नको, हेही त्याचेच शब्द. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःसाठी मागायचं होतं आणि मागायला कुणी उरलं नव्हतं.

जेसीबी मागं आला, वळला, पुन्हा पुढं निघाला. मितेशनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, बाजूला व्हा. धूळ येतेय."

लवूतात्या बाजूला झाला.